डीव्हीडी ते मोबाईल: एका कुलपाची गोष्ट

मंडळी, गेल्या महिन्यात आई-बाबांच्या घरी माळा आवरत होतो. तिथे एक खोका सापडला. आत डीव्हीडी! मोजल्या तर ८३ निघाल्या. काही हिंदी सिनेमे, काही इंग्रजी, आणि बरीचशी मराठी नाटकं. बाबा म्हणाले, "अरे, हे नाटक लाव ना, बरेच दिवस बघायचंय." आता लावणार कशावर? घरातला प्लेअर कधीच भंगारात गेला. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, बायकोच्याही नाही. त्या नाटकाचा ऑनलाइन शोध घेतला, मला तरी कुठे सापडलं नाही.

शेवटी यूएसबीवाला ड्राइव्ह मागवला आणि "हे तुमच्या मोबाईलवर टाकून देतो" असं आश्वासन देऊन बसलो. १५-१८ वर्षांपूर्वी हे काम मी दर शनिवारी करायचो. पण तेव्हा एक प्रश्न कधी पडला नव्हता. गाण्याची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की आयट्यून्स स्वतःहून विचारायचं, "घेऊ का आत?" मग सिनेमाच्या डीव्हीडीसाठी कुठल्याच मोठ्या कंपनीने असं साधं बटण का नाही दिलं? तेच गिऱ्हाईक, तेच पैसे, तशीच चकती. आपल्याला मात्र पाच फुकट सॉफ्टवेअर जमवून, रात्रभर मशीन चालू ठेवून हा उद्योग करावा लागायचा. या वीकेंडला त्याचं उत्तर शोधत बसलो, त्याचाच हा लेख.

सुरुवात चकतीपासून करू. ऑडिओ सीडी बाजारात आली १९८२ साली. तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरवर अख्खी सीडी उतरवून घेणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे तिला कुलूपच नव्हतं. पुढे एमपीथ्री आलं आणि संगीत कंपन्यांना घाम फुटला. डीव्हीडीचं स्पेसिफिकेशन १९९५ मध्ये ठरलं, जपानमध्ये प्लेअर आले १९९६ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत १९९७ मध्ये. यावेळी हॉलिवूडचे स्टुडिओ हुशार होते. कुलूप असल्याशिवाय आम्ही सिनेमे देणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. त्या कुलपाचं नाव कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टीम, म्हणजे सीएसएस. (वेब डेव्हलपर मंडळींनी दचकू नये, ते सीएसएस वेगळं :-) )

कुलपाची रचना अशी होती: चकतीवरचा सिनेमा सांकेतिक करून ठेवलेला. प्लेअर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला लायसन्स घेऊन एक किल्ली मिळायची. चकतीवर एका कोपऱ्यात मुख्य किल्ली चारशेहून जास्त वेळा लिहिलेली असायची, दर वेळी वेगळ्या प्लेअर-किल्लीने बंद केलेली. म्हणजे चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली किल्ली, पण दार एकच. एखाद्याची किल्ली चोरीला गेली तर पुढच्या चकत्यांवर तेवढी रद्द करायची, अशी योजना. कागदावर एकदम झकास.

शिवाय रीजनची भानगड होतीच. जगाचे तुकडे पाडले होते. अमेरिका रीजन १, आपण भारतवाले रीजन ५. ज्यांच्या चुलतभावाने अमेरिकेतून हौसेने डीव्हीडी पाठवल्या त्यांना हे आठवत असेल. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता यायचा, पाचव्यांदा बदलला की कायमचा तोच. बायकोने माहेरी जाण्याचे कोटे ठरवावेत तसं काहीतरी!

आता या कुलपात दोन खोट होत्या. एक, किल्ली फक्त ४० बिटांची. २ चा ४० वा घात म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण कॉम्प्युटरसाठी फार नाही. दुसरी खोट जास्त मूलभूत: किल्ली गिऱ्हाइकाच्या घरातच असते. प्लेअर सिनेमा दाखवणार म्हणजे त्याला तो उलगडावा लागणार, म्हणजे किल्ली त्याच्या पोटात असणार. लोखंडी डब्यातल्या चिपमध्ये ती लपवणं एकवेळ जमेल. सॉफ्टवेअरमध्ये लपवायची म्हणजे साखरेचा डबा मुंग्यांच्या वारुळात पुरून ठेवण्यासारखं आहे.

झालंही तसंच. १९९९ साली लिनक्सवर डीव्हीडी बघण्याची अधिकृत सोय नव्हती. विंडोजसाठीच्या शिंग नावाच्या प्लेअरमध्ये किल्ली नीट झाकलेली नाही हे काही उपद्व्यापी लोकांच्या लक्षात आलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस नावाचा छोटासा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला. तो बनवणारे तिघं होते. त्यातले दोघं निनावीच राहिले. तिसरा होता नॉर्वेचा योन लेक योहान्सन, वय वर्षं १५. आपण त्या वयात दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच घोकत होतो.

पाठोपाठ फ्रँक स्टीव्हनसन नावाच्या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं, की चोरलेल्या किल्लीची गरजच नाही. गणितात अशी फट आहे की ४० बिटांचं काम २५ बिटांच्या कामावर येतं, आणि त्या काळच्या पेंटियम थ्रीवर मुख्य किल्ली अर्ध्या मिनिटाच्या आत हाताला लागते. किल्ल्या रद्द करण्याची सगळी झकास योजना तिथेच संपली. पण कारखान्यांत छापून झालेल्या चकत्या आणि घरोघरचे प्लेअर बदलणार कोण? कुलूप मोडलेलं आणि तरी दारावर तसंच लटकलेलं, अशी अवस्था झाली. ती आजपर्यंत आहे.

इथून पुढची लढाई कोर्टातली. अमेरिकेत १९९८ सालीच डीएमसीए कायदा झाला होता. त्यानुसार कॉपी करणं सोडा, कुलूप उघडायचं साधन वाटणं हाच गुन्हा. २६०० नावाच्या हॅकर मासिकाने डीसीएसएस आपल्या साइटवर ठेवला म्हणून आठ स्टुडिओंनी खटला भरला, आणि ऑगस्ट २००० मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी स्टुडिओंच्या बाजूने निकाल दिला. प्रोग्रॅम ठेवणं तर बंदच, दुसऱ्या साइटवरच्या प्रोग्रॅमची लिंक देणंसुद्धा बंद.

मग प्रोग्रॅमर लोकांनी जे केलं ते वाचून मला आजही हसू येतं. कुणी तो कोड टी-शर्टवर छापला. कुणी त्यावर जपानी हायकू रचले. कार्नेगी मेलनचे प्राध्यापक डेव्हिड टूरेट्स्की यांनी या सगळ्या प्रकारांची एक ऑनलाइन गॅलरीच उघडली, म्हणजे कोड नक्की कुठे संपतो आणि भाषण कुठे सुरू होतं ते कोर्टाने सांगावं. कडी म्हणजे २००१ साली फिल कार्मोडीने १४०१ अंकी एक मूळ संख्या शोधली. ती बायनरीत लिहून अनझिप केली की डीसीएसएसचा कोड बाहेर! आता एक मूळ संख्या बेकायदा कशी ठरवणार?

नॉर्वेतल्या पोराचं मात्र हसण्यावारी नव्हतं. जानेवारी २००० मध्ये पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला, कॉम्प्युटर नेले. दोन वर्षांनी रीतसर आरोपपत्र. कलम असं, की जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होऊ शकली असती. सरकारी पक्षाचा एक मुद्दा तसा बिनतोड वाटायचा: लिनक्ससाठी केलंस म्हणतोस, तर मग प्रोग्रॅम विंडोजवर चालणारा का? त्यावर त्याचं म्हणणं, तेव्हा लिनक्सला डीव्हीडीची फाइलसिस्टीम धड वाचता येत नव्हती, म्हणून आधी विंडोजवर. ७ जानेवारी २००३ ला ऑस्लोच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. निकालाचा गाभा एका ओळीत: स्वतः विकत घेतलेल्या वस्तूत शिरल्याबद्दल माणसाला घरफोडीची शिक्षा देता येत नाही. सरकारने अपील केलं. डिसेंबर २००३ मध्ये वरच्या कोर्टानेही निर्दोष ठरवलं, आणि मग मात्र सरकारने नाद सोडला.

म्हणजे एकाच प्रोग्रॅमबद्दल अमेरिका म्हणते गुन्हा, नॉर्वे म्हणतं नाही. आमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. अमेरिकेत दुकान असलेली कुठलीही कंपनी डीव्हीडी कॉपी करायचं बटण देऊच शकत नव्हती. एकीने प्रयत्न केला. रिअलनेटवर्क्सने २००८ मध्ये रिअलडीव्हीडी आणलं. ते डीव्हीडी हार्डडिस्कवर घ्यायचं, वर स्वतःचं आणखी एक कुलूप घालायचं. तरी काही दिवसांत कोर्टाने विक्री थांबवली, आणि २०१० मध्ये कंपनीने ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यामुळे हे काम राहिलं हौशी लोकांच्या गळ्यात.

आता उरलेलं अर्धं: कुलूप उघडलं, पण मोबाईलवर बसणार कसं?

जरा आकडेमोड करू. "लगान" घ्या, ३ तास ४४ मिनिटं, म्हणजे १३,४४० सेकंद. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. कुठलंही कॉम्प्रेशन न करता हा सिनेमा साठवला तर सुमारे २०९ जीबी भरतो. दुहेरी थराच्या डीव्हीडीत जागा ८.५ जीबी. म्हणजे एमपेग-२ ने तो जवळपास २५ पट दाबायचा. आणि २००७ साली माझ्या मोबाईलमध्ये कार्ड होतं १ जीबीचं!

ही दाबादाबी चालते कशी? भुवन खेळपट्टीवर उभा आहे, मागे तेच आकाश, तीच धूळ. मग प्रत्येक फ्रेममध्ये आकाश पुन्हा कशाला लिहायचं? "मागच्या फ्रेमसारखंच, फक्त बॅट जरा इकडे सरकली" एवढं लिहिलं की झालं. उरलेल्या चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन करून प्रत्येकातला बारीक तपशील, जो डोळ्याला तसाही दिसत नाही, तो टाकून द्यायचा. या दुसऱ्या युक्तीचं गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. गंमत म्हणजे ते मांडणारे नासिर अहमद मूळचे बंगलोरचे, तिथल्याच विश्वेश्वरय्या कॉलेजातले इंजिनीअर. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, मिळाले नाहीत. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये त्यांनी तो पेपर छापला. जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळ्यांच्या मुळाशी हेच. पुढच्या वेळी मॅनेजरने तुमचं प्रपोजल नाकारलं तर हे आठवा.

एमपेग-२ च्या पुढची पायरी एमपेग-४. मायक्रोसॉफ्टने आपलं रूप बनवलं, पण ते स्वतःच्याच फाइल-प्रकाराला बांधून ठेवलं. फ्रान्समधल्या जेरोम रोटा नावाच्या तरुणाचे स्वतःच्या कामाचे व्हिडिओ त्यामुळे नव्या प्लेअरवर चालेनात. त्याने तो कोडेक खोलून बंधन काढून टाकलं आणि नाव ठेवलं "डिव्हएक्स ;-)". होय, डोळा मारणारी स्मायली नावातच! टोमणा होता अमेरिकेतल्या डिव्हएक्स नावाच्याच एका भाड्याच्या चकतीला. १९९८ मध्ये आलेली ही चकती पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालायची, मग पुन्हा पैसे. प्लेअर टेलिफोनच्या वायरने कंपनीला हिशोब कळवायचा. लोकांनी ती झिडकारली आणि जून १९९९ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. नाव मात्र तिच्या शत्रूने अमर केलं.

डिव्हएक्सने पूर्ण सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत बसवला. रोटाने पुढे कंपनी काढली, आधी कोड खुला केला, २००१ मध्ये परत बंद केला. चिडलेल्या स्वयंसेवकांनी खुल्या कोडवरून दुसरा कोडेक बनवला आणि नाव उलटं वाचून ठेवलं: एक्सव्हिड. दरम्यान फाब्रिस बेलारने २००० मध्ये एफएफएमपेग सुरू केलं होतं. २००३ मध्ये एच.२६४ हे मानक आलं, आणि त्याच सुमारास एक्स२६४ नावाचा खुला एन्कोडर सुरू झाला. त्याच वर्षी एरिक पेटीने बीओएस नावाच्या, आधीच आचके देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याचं नाव हँडब्रेक. ओएस गेली, हँडब्रेक आजही आहे.

मोबाईलवर खरी अडचण जागेपेक्षा ताकदीची होती. नोकिया एन९५ मार्च २००७ मध्ये आला. ३३२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, स्क्रीन २४० बाय ३२०. त्याच वर्षी जूनमध्ये आयफोन, स्क्रीन ४८० बाय ३२०. एच.२६४ दोघांना यायचं, पण बेसलाइन नावाचं साधं रूपच. म्हणजे पुढच्या फ्रेमचा आधार घेणाऱ्या बी-फ्रेम नाहीत, अवघड एन्ट्रॉपी कोडिंग नाही. लॅपटॉपवर लोण्यासारखी चालणारी फाइल फोनवर नुसता आवाज द्यायची आणि चित्र गोठलेलं. "चालतं" आणि "नीट चालतं" यातलं अंतर शिकण्यात माझे कितीतरी शनिवार गेले.

मग एकेक धडा मिळत गेला. डीव्हीडीतलं १६:९ चित्र आडवं दाबून साठवलेलं असतं. ते तसंच घेतलं तर सगळे नट उंच आणि किडकिडीत. वरखाली काळ्या पट्ट्या असतात, त्या आधी कापायच्या, नाहीतर काळा रंग साठवण्यात बिट वाया. "लगान"सारखं रुंद चित्र ३२० रुंदीला आणलं की उंची उरते १३६ च्या आसपास, म्हणजे पिक्सेल मूळच्या जवळपास साडेनऊ पट कमी. चित्राला ५०० केबीपीएस आणि आवाजाला ९६ दिले की १३,४४० सेकंदांचे बरोब्बर १ जीबी होतात. सबटायटल डीव्हीडीत अक्षरं नसतात, चित्रं असतात. लहान केली की मुंग्या. आणि आवाज! सहा चॅनेलचे दोन करताना मधल्या स्पीकरमधले संवाद दबतात, पार्श्वसंगीत वर येतं. लोकलमध्ये हेडफोन लावून फक्त ढोल ऐकू यायचे, हिरो काय म्हणतो ते देवाला ठाऊक.

एक सिनेमा व्हायला अख्खी रात्र लागायची. लोडशेडिंगच्या वेळा बघून एन्कोडिंग लावायचं. एकदा ९४ टक्क्यांवर लाइट गेले, तेव्हा काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं कायदेशीर होतं का? पायरसीचं समर्थन मी करत नाही, स्टेशनबाहेरच्या पन्नास रुपयेवाल्यांनी कितीजणांचं पोट मारलं ते माहीत आहे. पण एक तपशील बहुतेकांना ठाऊक नसतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं. डिजिटल कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. हेतू हा शब्द अमेरिकेच्या कायद्यात असा मध्यवर्ती नाही. आपला कायदा लिहिणाऱ्यांनी त्या पंधरा वर्षांच्या पोराची गोष्ट वाचली होती का, कोण जाणे. मी वकील नाही, तेव्हा यावर विसंबून राहू नका. पण स्वतः विकत घेतलेली चकती स्वतःच्या फोनवर बघणारा आणि रस्त्यावर कॉपी विकणारा, यांच्यात फरक आहे एवढं आपल्या कायद्याला दिसतं, हे मला बरं वाटतं.

स्टुडिओंनी पर्यायही दिले होते म्हणा. २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाचं ऑनलाइन कपाट आलं: चकती घ्या, कोड टाका, सिनेमा कायम तुमचा. "कायम" ३१ जुलै २०१९ ला संपलं. नेटफ्लिक्सनेही डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवलं. आज आपण सबस्क्रिप्शनचे पैसे भरतो तेव्हा विकत काहीच घेत नाही, त्या ४८ तासवाल्या चकतीसारखं फक्त बघतो. जी योजना १९९९ मध्ये लोकांनी हाकलून दिली, ती जरा बऱ्या कपड्यांत परत आली आणि आपण तिला आत घेतलं. मीही घेतलं, सोय कुणाला नको असते?

पण त्या खोक्यातल्या नाटकासाठी ती सोय काही कामाची नाही. ते कुठल्याच कपाटात नाही. ते फक्त त्या चकतीवर आहे, आणि चकत्या सडतात. ८३ पैकी १९ वाचल्याच गेल्या नाहीत. बाबांना हवी होती ती दुसऱ्या अंकात अडकायची. मऊ फडक्याने आतून बाहेर पुसून, चार वेळा प्रयत्न करून एकदाची उतरली. पूर्वी रात्र घेणारं एन्कोडिंग चहा होईपर्यंत संपलं.

परवा फोन केला तर आई म्हणाली, "ते गॅलरीत बसलेत मोबाईल घेऊन, तिसरा अंक चालू आहे, मध्ये बोलू नको."

तर मंडळी, तुमच्याही माळ्यावर असा खोका असेल तर या वीकेंडला खाली काढा. कुलपाचं कोर्ट बघून घेईल, पण चकती कुणासाठी थांबत नाही.

असो, फारच लांबलं. भेटू पुढच्या शनिवारी.

ता. क. : रीजन बदलायचा असेल तर मोजून मापून. पाचच संधी आहेत :-)